ड्रम-संचासाठी अल्पमोली मायक्रोफोनांची निवड : काही ध्वनिशास्त्रीय विचार

पाश्चात्य धर्तीच्या वाद्यवृंदातील ड्रम-संच हे एक वाद्य मानावे की अनेक वाद्यांचा समुदाय मानावा, हा प्रश्न वरकरणी केवळ शाब्दिक वाटण्याचा संभव आहे. परंतु त्या संचापुढे किती मायक्रोफोन ठेवावेत, कोणत्या जातीचे ठेवावेत आणि त्यांवर किती द्रव्य खर्च करावे, याचे उत्तर पुष्कळ अंशी या प्रश्नाच्या उत्तरावरच अवलंबून आहे. समुदाय मानला, तर प्रत्येक घटकाला स्वतंत्र मायक्रोफोन द्यावा लागतो व त्यांची संख्या सहज आठ-दहावर जाते. एकच वाद्य मानले, तर तीन किंवा चार मायक्रोफोनांत काम भागते. बाजारात ड्रम-संचासाठी म्हणून सात-सात मायक्रोफोनांच्या ज्या पेट्या विकावयास असतात, त्या पहिल्या मतावर उभारलेल्या आहेत. महाविद्यालयांतील वाद्यवृंद, सुगम संगीताचे ऑर्केस्ट्रा, गोव्यातील चर्चमधले गायनवृंद अशा बेताच्या ऐपतीच्या मंडळींनी वर्गणी गोळा करून अशी पेटी घ्यावी आणि त्याच रकमेत मिळू शकणाऱ्या तीन उत्तम मायक्रोफोनांना मुकावे, असे वारंवार घडते. प्रस्तुत लेखात दुसऱ्या मताचा पुरस्कार केला आहे. तो आवडीनिवडीवरून नव्हे, तर पदव्युत्तर विद्यार्थ्यांस परिचित असलेल्या ध्वनिशास्त्राच्या काही मूलतत्त्वांवरून केला आहे. विवेचन प्रत्यक्ष कार्यक्रमापुरते, तेही दोन-तीनशे श्रोत्यांच्या सभागृहापुरते मर्यादित आहे. ध्वनिमुद्रणाची गरज वेगळी असल्याने तिचा उल्लेख केवळ प्रसंगाने येईल.

ड्रम-संचाचा जन्मच मुळी काटकसरीतून झाला, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. मोठा बेस ड्रम, स्नेअर आणि झांजा ही वाद्ये पूर्वी दोन-तीन निरनिराळे वादक वाजवीत. विल्यम लुडविग यांनी १९०९ च्या सुमारास बेस ड्रमसाठी पायाने दाबावयाचे कार्यक्षम पेडल शिकागो येथे प्रचारात आणले, आणि एकाच बसलेल्या वादकाला हे सर्व साधणे सुकर झाले. पुढे पायाने उघडझाप होणारी हाय-हॅट ही झांजांची जोडी व निरनिराळ्या आकारांचे टॉम येऊन मिळाले. एका व्यक्तीच्या दोन हातांनी व दोन पायांनी साधलेला तोल हाच या वाद्याचा प्राण होय. चांगला वादक स्नेअर किती जोराने वाजवावा व झांज किती, हे स्वतःच ठरवीत असतो. त्याने साधलेला तोल सात ठिकाणी तोडून मिक्सरवर पुन्हा जोडणे हे काम कठीण आहे, आणि नवशिक्या हातांनी ते बहुधा बिघडतेच.

आता या वाद्याच्या ध्वनीकडे वळू. वर्तुळाकार ताणलेल्या पटलाच्या कंपनांचे गणित आपल्या अभ्यासक्रमात येतेच. आदर्श पटलाच्या मूळ कंप्रतेशी इतर कंपनप्रकारांच्या कंप्रतांची गुणोत्तरे स्थूलमानाने १.५९, २.१४, २.३० अशी येतात. म्हणजे ती पूर्णांकी नसतात. तबला व मृदंग यांवरील शाईच्या भारामुळे ही गुणोत्तरे पूर्णांकांच्या जवळ कशी आणली जातात, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० मध्ये एका सहकाऱ्यासह आणि पुढे १९३४ मध्ये अधिक विस्ताराने दाखविले, ते सर्वश्रुत आहे. ड्रम-संचातील पटलांवर शाई नसते. त्यामुळे त्यांचा नाद मुळातच विसंवादी असतो, आणि कोणता कंपनप्रकार किती ऐकू यावा हे ठरविणे महत्त्वाचे होऊन बसते. ज्या कंपनप्रकारांत केंद्रातून जाणाऱ्या निस्पंद रेषा असतात, त्यांचे केंद्राजवळील चलन शून्यवत् असते. म्हणून मायक्रोफोनाचे तोंड पटलाच्या केंद्राकडे वळविले, तर लवकर विझणारा, भरीव असा मूळ ठोका अधिक मिळतो. कडेच्या वर धरले, तर मागे रेंगाळणारा घुमारा अधिक मिळतो. या दोन ध्वनींतील फरक एवढा मोठा असतो की, दोन निरनिराळ्या किमतींच्या मायक्रोफोनांतील फरक त्यापुढे क्षुल्लक ठरावा. मायक्रोफोन दहा सेंटीमीटर सरकविण्यास पैसे पडत नाहीत.

मायक्रोफोनाची किंमत कशाने वाढते, हे पाहिले म्हणजे पुढचा मार्ग सोपा होतो. मंद ध्वनी स्पष्टपणे टिपता यावा यासाठी मायक्रोफोन अतिशय संवेदनक्षम असावा लागतो व त्याचा स्वतःचा विद्युत् गोंगाट अत्यल्प असावा लागतो. सतार किंवा कुजबुजता संवाद यांच्या ध्वनिमुद्रणात हे गुण अमोल आहेत आणि त्यांसाठी निर्माते भरपूर दाम घेतात. ड्रम-संचाजवळ मात्र या गुणांना विशेष अर्थ उरत नाही. जोराने वाजविलेल्या स्नेअरपासून काही सेंटीमीटर अंतरावर ध्वनिदाबाची पातळी १३० डेसिबलांच्या पलीकडे जाऊ शकते. समजा ती १३४ डेसिबल आहे. १ पास्कल दाब म्हणजे ९४ डेसिबल; तेव्हा १३४ डेसिबल म्हणजे १०० पास्कल. शुअर कंपनीच्या एसएम ५७ या प्रसिद्ध डायनॅमिक मायक्रोफोनाची संवेदनक्षमता पास्कलमागे सुमारे १.६ मिलिव्होल्ट आहे. म्हणजे स्नेअरपुढे तो १६० मिलिव्होल्ट देईल. मिक्सरला हे भरपूर आहे. पास्कलमागे १० मिलिव्होल्ट देणारा कंडेन्सर मायक्रोफोन त्याच जागी १ व्होल्ट देईल, आणि साध्या मिक्सरमधील पहिला वर्धक तेवढ्याने गुदमरून ध्वनी विद्रूप करील. मायक्रोफोनाचा स्वतःचा गोंगाट १० डेसिबल आहे की २५, हा प्रश्न तर शंभरांहून अधिक डेसिबलांच्या फरकाखाली गाडलाच जातो. सारांश, जवळून ध्वनी घेण्याच्या कामी मंद संवेदनक्षमता हा दोष नसून गुण आहे, आणि स्वस्त मायक्रोफोनांत तो आपोआपच आढळतो.

एसएम ५७ चा उल्लेख आलाच आहे, तर त्याचे कूळही सांगणे अप्रस्तुत होणार नाही. अर्न्स्ट सीलर या अभियंत्याने सिद्ध केलेली युनिडाइन ३ ही रचना १९५९ मध्ये बाजारात आली. तिच्यावरून १९६५ मध्ये एसएम ५७ व १९६६ मध्ये गायकांच्या हाती सर्वत्र दिसणारा एसएम ५८ ही दोन रूपे निघाली. दोहोंचे अंतरंग एकाच मूळ रचनेचे आहे. भेद प्रामुख्याने वरच्या जाळीचा. यावरून व्यवहारोपयोगी असे एक अनुमान निघते. ज्या संस्थेकडे भाषणासाठी किंवा गायनासाठी चांगला डायनॅमिक मायक्रोफोन आधीच आहे, मग तो शुअरचा असो की आपल्याकडे सभागृहोसभागृही दिसणाऱ्या आहुजाचा असो, तिने स्नेअरसाठी निराळा घेण्याची घाई करू नये. गोल जाळीमुळे तो पटलाच्या थोडा दूर राहील, एवढेच.

डायनॅमिक मायक्रोफोनाची मर्यादा वरच्या सप्तकांत आहे. त्याच्या पटलाला तारेचे वेटोळे चिकटविलेले असते, आणि त्या वस्तुमानामुळे १५,००० हर्ट्झच्या पुढे त्याचा प्रतिसाद ढासळतो. ड्रमच्या चामड्याला याने बाधा येत नाही, परंतु झांजांची झळाळी बरीचशी याच प्रदेशात असते. तेथे हलक्या पटलाचा कंडेन्सर मायक्रोफोनच हवा. एके काळी हे साधन श्रीमंत स्टुडिओंपुरतेच होते. १९६२ मध्ये बेल प्रयोगशाळेतील गेऱ्हार्ट सेसलर व जेम्स वेस्ट यांनी विद्युत् भार कायम धरून ठेवणाऱ्या पातळ प्लॅस्टिक पटलाचा उपयोग करून इलेक्ट्रेट मायक्रोफोन बनविला. त्यामुळे पटलास बाहेरून उच्च दाब पुरविण्याची गरज संपली आणि कंडेन्सर मायक्रोफोन कमालीचा स्वस्त झाला. त्यातील छोट्या वर्धकास वीज लागतेच. ती मिक्सरमधून त्याच केबलीवाटे ४८ व्होल्टांनी येते. (हा ४८ चा आकडा मोठा गमतीचा आहे. १९६६ मध्ये नॉयमान कंपनीने नॉर्वेच्या नभोवाणीसाठी ही योजना केली, तेव्हा तेथील स्टुडिओंत आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टांचा पुरवठा तयारच होता. पुढे तोच जगाचा प्रमाणदाब झाला.) मिक्सरमध्ये ही सोय आहे की नाही, हे कंडेन्सर मायक्रोफोन घेण्यापूर्वी अवश्य पाहावे. झांजांच्या वर मीटरभर अंतरावर दाब पुष्कळ उतरलेला असल्याने वर सांगितलेली गुदमरण्याची भीती तेथे राहत नाही.

यानंतर दिशेचा विचार. कार्यक्रमात वापरले जाणारे बहुतेक मायक्रोफोन हृदयाकृती प्रतिसादाचे असतात. समोरून शून्य अंशावर येणारा ध्वनी पूर्ण, ९० अंशांवरून येणारा ६ डेसिबलांनी कमी आणि पाठीमागून येणारा तत्त्वतः शून्य, असे त्यांचे वर्तन असते. अतिहृदयाकृती जातीत ही शून्याची दिशा पाठीमागे नसून सुमारे १२६ अंशांवर असते. थेट पाठीमागून येणारा ध्वनी तेथे केवळ १२ डेसिबलांच्या आसपास घटतो. स्नेअरच्या मायक्रोफोनात हाय-हॅट घुसणे ही तर नेहमीची तक्रार. येथे अंतर व दिशा या दोहोंचाही उपयोग करता येतो. मायक्रोफोन स्नेअरपासून ५ सेंटीमीटर व हाय-हॅटपासून ४० सेंटीमीटर असेल, तर अंतराच्या आठपटीमुळे हाय-हॅट १८ डेसिबलांनी मागे पडते. पटलाच्या इतक्या निकट त्याला बिंदुरूप उगम मानणे अचूक नव्हे. तरी अंदाजास हे गणित पुरे आहे. त्यावर मायक्रोफोनाची शून्य दिशा हाय-हॅटकडे केली, तर उरलासुरला त्रासही बराच ओसरतो.

तथापि शून्य हे कागदावरचे असते. प्रत्यक्षात मध्यम कंप्रतांना ते बऱ्यापैकी मिळते, मात्र उंच कंप्रतांना आकृती वेडीवाकडी होते. स्वस्त मायक्रोफोनांत तर फारच. समोरचा ध्वनी छान, मात्र बाजूने घुसणारी झांज पत्रा बडविल्यासारखी, असा अनुभव अशा वेळी येतो. माझ्या मते स्वस्त आणि महाग यांतील खरा भेद येथे आहे. समोरच्या ध्वनीत आज फारसा फरक उरलेला नाही. आणि सात मायक्रोफोनांच्या पेटीतील दोषही येथेच उघड होतो, कारण सातांपैकी प्रत्येक मायक्रोफोन आपल्या वाद्याबरोबर इतर सहा वाद्यांचा बिघडलेला ध्वनीही आत घेत असतो.

संख्या वाढविण्यातील दुसरा धोका वेळेच्या फरकातून उद्भवतो. आपल्या हवामानात ३० अंश सेल्सिअसला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३५० मीटर असतो. स्नेअरचा ध्वनी त्याच्या जवळच्या मायक्रोफोनास ५ सेंटीमीटरांत आणि झांजांवरच्या मायक्रोफोनास १ मीटरात भेटतो असे धरू. मार्गांतील फरक ९५ सेंटीमीटर, म्हणजे दुसरा ध्वनी २.७ मिलिसेकंद उशिरा येतो. दोन्ही सारख्या प्रमाणात मिसळले, तर ज्या कंप्रतेची अर्धी तरंगलांबी ९५ सेंटीमीटर आहे, ती कंप्रता परस्परांस मारते. हिशेब केल्यास ती १८४ हर्ट्झ येते. स्नेअरचा मूळ ठोका सामान्यतः १५० ते २५० हर्ट्झच्या दरम्यान असतो. म्हणजे दोन चांगले मायक्रोफोन एकत्र करून आपण नेमका स्नेअरचा गाभाच काढून टाकतो! मिक्सरवर एका मायक्रोफोनाची ध्रुवता उलटी करण्याचे बटण असेल, तर ते दाबावे; मग १८४ हर्ट्झला भर पडते आणि घट ३६८ वर सरकते. बटण दाबून व सोडून, ज्या स्थितीत स्नेअर भरदार लागेल ती ठेवावी. स्नेअरच्या वर व खाली असे दोन मायक्रोफोन लावण्याची पद्धतही आहे. वरचे पटल खाली जाते तेव्हा खालचे पटल आपल्या मायक्रोफोनाकडे झेपावते. अर्थात् तेथे ध्रुवता उलटवावीच लागते. आपल्या कामात मात्र खालच्या मायक्रोफोनाचा खर्च करू नये.

या दृष्टीने ग्लिन जॉन्स या इंग्रज ध्वनिमुद्रकाची पद्धती अभ्यसनीय आहे. १९६८ मध्ये लंडनच्या ऑलिंपिक स्टुडिओत लेड झेपेलिन या वाद्यवृंदाची पहिली तबकडी ध्वनिमुद्रित करताना त्याने ती वापरली. एक मायक्रोफोन स्नेअरच्या वर सुमारे मीटरभर, दुसरा वादकाच्या उजव्या बाजूस फ्लोअर टॉमच्या पलीकडे, आणि दोन्ही स्नेअरपासून अगदी समान अंतरावर. त्यांच्या जोडीला बेस ड्रमपुढे एक, व हवा तर स्नेअरजवळ एक. अंतर समान असल्याने स्नेअरचा ध्वनी वरच्या दोन्ही मायक्रोफोनांत एकाच क्षणी पोचतो व वर सांगितलेली हानी त्या दोहोंपुरती टळते. यास लागणारे उपकरण म्हणजे एक दोरी. तिचे एक टोक स्नेअरच्या मध्यावर धरावे व दुसऱ्याने दोन्ही मायक्रोफोनांचे अंतर जुळवावे.

प्रत्यक्ष सभागृहात द्रव्य कोठे घालावे, हे यावरून ठरविता येते. लहान सभागृहात स्नेअर आणि झांजा मायक्रोफोनावाचूनही शेवटच्या रांगेपर्यंत पोचतात. कित्येकदा तर त्या आवरण्याचीच गरज असते. ऐकू येत नाही तो बेस ड्रम. त्याचा मूळ ठोका ५० ते ८० हर्ट्झच्या आसपास असतो, आणि त्या प्रदेशात मानवी कानाची संवेदनक्षमता किती कमी आहे, हे फ्लेचर व मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवून दिले आहे. म्हणून एकच मायक्रोफोन घेण्याची ऐपत असेल, तर तो बेस ड्रमचा घ्यावा आणि येथे हात आखडता घेऊ नये. गायनाचे मायक्रोफोन १०० हर्ट्झच्या खाली मुद्दामच दुबळे ठेवलेले असतात. अगदी जवळ ठेवल्यावर दाबप्रवण मायक्रोफोनांत खालच्या कंप्रता फुगतात, त्याने थोडीफार भरपाई होते. परंतु बेस ड्रमसाठीच घडविलेल्या मायक्रोफोनाची सर येत नाही. व्हिएन्नाच्या एकेजी कंपनीचा १९५३ चा डी १२ आणि त्याचा १९८० च्या दशकातील वारस डी ११२ हे या जातीचे आदर्श होत. आज याच घडणीचे बरेच अल्पमोली मायक्रोफोन मिळतात व त्यांतील काही चांगले आहेत. आघात करणाऱ्या पटलाजवळ, म्हणजे ड्रमच्या आत, ठेवला तर टोकदार 'टक्' अधिक येते. पुढच्या पटलाच्या छिद्राशी ठेवला तर घुमार अधिक, मात्र छिद्रातून सुटणारा हवेचा झोत थेट तोंडावर येऊ देऊ नये.

घुमार आवरण्यासाठी आत कापड ठेवण्याची युक्ती पुढे सार्वत्रिक झाली. १९६६ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या ईएमआय स्टुडिओत बीटल्स मंडळींचे ध्वनिमुद्रण करताना विशीतल्या जेफ एमरिक या अभियंत्याने बेस ड्रममध्ये लोकरी स्वेटर कोंबला आणि मायक्रोफोन स्टुडिओच्या रूढ नियमांपेक्षा पुष्कळ जवळ आणला. ठोका एकदम आटोपशीर व जोरकस झाला. आपल्याकडे घडी घातलेली जुनी घोंगडी हे काम उत्तम करते.

दुसरा क्रम झांजांवरच्या मायक्रोफोनांचा. तेथे साधी इलेक्ट्रेट जोडी पुरते. जोडीला पैसे नसतील, तर एकच, वादकाच्या डोक्याच्या किंचित पुढे व वर. लहान सभागृहात या मायक्रोफोनांची पातळी माफकच ठेवावी लागते, कारण ते शेजारच्या लाउडस्पीकरांचा ध्वनीही गोळा करतात आणि शिट्टी प्रथम त्यांच्यातूनच फुटते. तिसरा क्रम स्नेअरचा. त्यासाठी घरातला मायक्रोफोन चालतो हे वर आलेच आहे. टॉमसाठी शेवटी काही उरले तर पाहावे, आणि तेही दोन टॉमच्या मधोमध एक. उघड्या मैदानावरचा कार्यक्रम असेल, तर मात्र हा क्रम बदलतो. तेथे भिंतींचे साह्य नसते व स्नेअरला दुसरा क्रम द्यावा लागतो.

माहितीपत्रकांविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. '४० ते १८,००० हर्ट्झ' असा नुसता आकडा दिला असेल, तर तो निरर्थक समजावा; त्या पल्ल्यात किती डेसिबलांचा चढउतार आहे हे सांगितल्याखेरीज कोणताही मायक्रोफोन कोणताही पल्ला गाठू शकतो. जास्तीत जास्त किती दाब सोसतो, हा आकडा कंडेन्सर घेताना पाहावा. एसएम ५७ व एसएम ५८ यांच्या हुबेहूब नकला जगभर विकल्या जातात आणि निर्मात्यांनीच त्यांविषयी ग्राहकांस सावध केले आहे. तेव्हा निम्म्या किमतीत मिळणाऱ्या 'अस्सल' मालाकडे संशयाने पाहावे.

परीक्षा करण्यास मोठी प्रयोगशाळा नको. एका लाउडस्पीकरमधून सर्व कंप्रतांचा मिश्र गोंगाट सोडून त्यापुढे मायक्रोफोन धरावा व हेडफोन लावून तो सावकाश ९० आणि १८० अंशांत फिरवावा. ध्वनी केवळ क्षीण होत गेला तर मायक्रोफोन चांगला. त्याचा रंगच पालटू लागला, पोकळ किंवा चरचरीत झाला, तर तो झांजांच्या सान्निध्यात त्रास देणार. जोडी घेताना दोन्ही मायक्रोफोनांची तोंडे एकमेकांलगत ठेवावीत, एकाची ध्रुवता उलटवावी व दोहोंची पातळी जुळवीत जावे. खऱ्या जोडीत ध्वनी जवळजवळ नाहीसा होतो, निदान खालच्या व मधल्या कंप्रतांत. जे शिल्लक राहते तो दोघांतील फरक होय. स्नेअरच्या कडेला चिमट्याने बसवावयाचा मायक्रोफोन असल्यास, पटल न वाजविता ड्रमच्या चौकटीवर बोटाने टिचकी मारून पाहावी. ती टिचकी लाउडस्पीकरमधून मोठ्याने ऐकू आली, तर चिमट्याऐवजी जमिनीवरचा स्टँड वापरावा. झांजांवरच्या मायक्रोफोनांचे स्टँड लांब आडव्या दांड्याचे असल्याने सहज कलंडतात. दांडा ज्या दिशेने पुढे आला आहे, तिकडे स्टँडचा एक पाय यावा आणि उलट बाजूच्या पायांवर वाळूची पिशवी ठेवावी.